पहिल्या ओळीतील श्री

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, हळद शिजविणाऱ्या एका यंत्राच्या पोटात राहून मी जे पाहिले व अनुभवले, ते आज आपणांसमोर क्रमाने व सत्यतेने निवेदन करीत आहे. कृपया शांतचित्ताने ऐकावे.

मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. माझ्या प्रत्येक ओळीत डावीकडे यंत्राला कळणारी खूण, मध्ये बरोबरचे (=) चिन्ह आणि उजवीकडे माणसाला कळणारे मराठी वाक्य असते. यंत्र चालू झाले की त्यातील प्रोग्राम सर्वप्रथम मला वाचून घेतो, मग पडद्यावर माझी वाक्ये उमटतात. प्रोग्रामाला मला वाचता आले नाही, तर माझी थोरली बहीण, इंग्रजी फाईल, माझ्या जागी उभी राहते. ती विद्वान आहे. परंतु हट्टा गावाजवळच्या तांड्यावर तिची कोणाशी ओळख नव्हती.

त्या तांड्यावरील महिला बचत गटाने हे यंत्र आणले. चौथी शिकलेल्या रूपाबाईंना ते चालविण्याची मोठी हौस. त्यांचे दीर देविदास यांनाही तीच. गटाने ठरविले, तांड्यावरील शेतकरी धर्मसिंग यांच्या शेतातील पहिली हळद रूपाबाईंनी शिजवून दाखवावी. जमले तर यंत्र त्यांच्या हाती, न जमले तर देविदासांच्या.

यंत्र जोडणारे कारागीर मुंजाजी यांनी मला जन्म दिला. जड शब्द बाजूस सारून ते रूपाबाईंनाच विचारीत, "ताई, पाणी कमी झालं तर तुमी काय म्हणता?"

"पाणी सरत आलं, घाला, म्हणतो. आन् काय!"

असे माझे तीस संदेश तयार झाले. सरतेशेवटी, शुभकार्याच्या कागदावर लिहितात त्याप्रमाणे, मुंजाजींनी माझ्या अगदी वर "॥ श्री ॥" लिहिले. कपाळी कुंकू लावल्यासारखा मला आनंद झाला.

परीक्षेचा दिवस उजाडला. हळद भरली, जाळ लागला, यंत्र चालू झाले आणि पडद्यावर थोरली बहीण! प्रोग्रामाने माझ्या पहिल्या ओळीत बरोबरचे चिन्ह शोधले; ते मिळेना, म्हणून त्याने मला सबंधच मिटून ठेवले. थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरे लुकलुकू लागली.

"वहिनी, यंत्र हाय ते, चुलीवरचं पातेलं न्हाई. सरका, मी वाचतो," असे म्हणून देविदासांनी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचले.

"मंग? काय म्हणून राहिलं ते?"

"वाचलं तर बराबर. अर्थ इंग्रजीत हाय."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रूपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी जाळ ओढून घेतला आणि मग मुंजाजींना फोन केला.

मुंजाजी मोटारसायकलवर तातडीने आले. त्यांनी मला पडद्यावर उघडले आणि स्वतःची चूक त्यांना दिसली. ते श्री पुसू लागले, तोच रूपाबाई म्हणाल्या, "भाऊ, देवाचं नाव काहून पुसून राहिले?"

"ताई, यंत्राला ते वाचता येत न्हाई."

"मंग वाचू नको म्हणा त्याला. नाव राहू द्या."

मुंजाजी थबकले. ओळीच्या आधी जाळीसारखी एक खूण (#) केली, की प्रोग्राम ती ओळ वाचत नाही आणि पुसतही नाही, हे त्यांना आठवले. त्यांनी ती खूण केली व यंत्र पुन्हा चालू केले.

मित्रांनो, काय तो क्षण! ओळीओळीने मी आत गेले आणि पडद्यावर उमटले, "पाणी सरत आले. दोन घागरी पाणी घाला."

रूपाबाईंनी ते खणखणीत वाचले आणि मागे वळल्या. "भावजी, आता मराठीत सांगून राहिलं. उचला घागरी!"

देविदासांनी हसत हसत दोन्ही घागरी आणल्या. पुढे "हळद शिजली. झाकण उघडा" असे मी सांगितले, तेव्हा रूपाबाईंनी खात्रीसाठी हळकुंडात काडी टोचली. ती अलगद आरपार गेली. धर्मसिंग म्हणाले, "यंत्र रूपाबाईकडंच ऱ्हाऊ द्या."

यास पाच हंगाम झाले. मध्यंतरी नवा प्रोग्राम आला, तेव्हा मी महिनाभर एका डब्यात, पेनड्राइव्हमध्ये विसरले गेले होते. रूपाबाईंनीच मला शोधून काढले. म्हणून विनंती करते, की माझ्यासारख्या फाईलची एक प्रत नेहमी जपून ठेवा, आणि पडद्यासाठी वाक्य लिहाल तेव्हा ते वाचणाऱ्या माणसाला आधी विचारा. माझ्या माथ्यावर श्री अजून तसाच आहे. यंत्र त्याला वाचत नाही. रूपाबाई मात्र रोज माझा पडदा पुसून, हात जोडून, मगच बटण दाबतात.

फाईलच्या वतीने हे लिहिणारा, ती चूक करणारा कारागीर, मुंजाजी सटवाजी कदम, हट्टा. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.