रुमालाखालचा सौदा

बानाबाईच्या आवाजाबद्दल बिडकीनच्या पंचक्रोशीत जे सांगतात ते सगळं खरं आहे, उलट थोडं कमीच सांगतात. कन्नडच्या घाटात उभं राहून तिनं आपल्या मेंढरांना हाक मारली, की तिकडं सोयगावच्या शिवारात दुसऱ्याचीच मेंढरं चरायचं थांबून माना वर करायची. रविवारच्या उपासनेत तिनं पहिलं गीत उचललं, की पेंगणारे म्हातारे आपसूक उभे राहायचे आणि चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं संध्याकाळपर्यंत माघारी फिरकायची नाहीत. हे तिचा नवरा बिरू सांगतो. बिरू खोटं बोलत नाही. खरं तेवढं ताणून मोठं करतो.

नावं धनगराची, पण आज्यापासून घर ख्रिस्ती. पाळकसाहेबांनी एकदा नाव बदलायचं सुचवलं, तर बिरू म्हणाला, "मला चालंल साहेब, पण मेंढरांना कोण समजावणार?"

तर हा असा आवाज चार वर्षांपूर्वी गेला. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं आणि श्वासासाठी गळ्याच्या पायथ्याशी एक भोक ठेवलं. आत झडप बसवली. भोकावर बोट दाबलं की बानाबाई बोलायची, पण जात्यात खडे भरडल्यासारखं. लांबच्या माणसाला हाक म्हणून मारता येईना. मग बिरूनं कळपातल्या पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा सोडून तिच्या हातात दिली. ती वाजली की बिरू यायचा. मागोमाग मेंढीही यायची.

चार वर्षं बानाबाई प्रभूशी भांडत होती. "पाय न्यायचास, एखादा डोळा न्यायचास. तुझी गाणी म्हणायचं तेवढंच बरं सापडलं तुला?" ती काही विचारायचं सोडत नव्हती.

त्या सोमवारी दोघं तपासणीला संभाजीनगरच्या दवाखान्यात आले होते. वरच्या मजल्यावर बाकड्यावर टेकतात न टेकतात, तोच विशाखा सिस्टर धावत आली.

"मावशी, देवासारख्या भेटलात! कन्नडच्या बाजारातला बैलांचा दलाल आहे, सखाराम. उद्या ऑपरेशन, अगदी तुमच्यासारखंच. डॉक्टर सांगून दमले, आत्ता काढलं तर वाचशील, उशीर केलास तर आमच्या हातात काही नाही. आणि हा पिशवी भरून निघाला! म्हणतो, मुका होऊन जगण्यापेक्षा घरी जाऊन मरतो. जीप उभी आहे खाली!"

बानाबाईनं कठड्यावरून वाकून पाहिलं. पांढरी टोपी, खांद्यावर तांबडा रुमाल, हातात पिशवी, आणि फाटक वीसच पावलांवर. घाटातली एक हाक पुरे होती! तिनं तोंड उघडलं, छाती भरली, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसकन निघाली.

मग तिनं घंटा काढली.

खणखण, खणखण! बानाबाई जिन्यावरून सुटली. मागं बिरू, त्यामागं सिस्टर. औषधाच्या रांगेतली माणसं दोन्ही बाजूंना सरकून भिंतीला चिकटली. वॉचमन काठी घेऊन दवाखान्यात शिरलेली गाय शोधायला लागला. बिरू शपथेवर सांगतो, की प्लास्टरमधला एक माणूस वाट द्यायला म्हणून स्वतःच्या पायानं उठून उभा राहिला.

आणि सखाराम थांबला. तीस वर्षं जनावरांच्या बाजारात घालवलेला माणूस. मागं घंटा वाजली आणि वळून पाहिलं नाही, असं त्याच्या हातून होणारच कसं?

"ढोर कुठंय?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मीच," बानाबाई गळ्यावर बोट दाबून म्हणाली.

सखाराम दोन पावलं मागं सरकला. "अगं बाई! हा आवाज? हा घिऊन बाजारात शिरलो तर बैल दावं तोडून थेट पैठणला पोचतील!"

बानाबाई हसली. हसू गळ्यातून शिटीसारखं निघालं. "पहिल्या दिशी आमचा कुत्रा पण पळाला व्हता."

"थट्टा नाय बाई. दलालाचं भांडवल त्याची जबान. ती गेल्यावर मी काय, खुंटा?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. सखारामनं पिशवी उचलली. बानाबाईची नजर त्याच्या खांद्यावरच्या रुमालावर गेली. बापाची मेंढरं विकायला ती लहानपणापासून बाजारात उभी राहिलेली. तिनं रुमाल ओढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं कोणी बोलत नाही. रुमालाखाली जितकी बोटं दाबली तितका भाव, आणि बघणारा बघतच राहतो.

"माल तुझा आवाज," ती म्हणाली. "मोल जगायच्या वर्षांत. बोल!"

तिनं दोन बोटं दाबली. सखारामनं तोंड वाकडं करून हात झटकला, पण रुमालाबाहेर काढला नाही. तिनं पंजा दाबला. त्यानं मान हलवली. तिनं पंजा दोनदा दाबला, दहा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या भावाला हो म्हणेल तो दलाल कसला? डोळे बारीक करून त्यानं तिचा पंजा दाबला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. वीस!

भोवती ही गर्दी जमलेली. "सोडू नको, बाना!" बिरू ओरडला.

"वीस वर्षं जगायचं मागितलंस, सखारामदादा," बानाबाई म्हणाली. "आन तोंडातनं एक सबूद काढला नायस."

सखारामनं रुमालाकडं पाहिलं.

"देणार कोण वीस वर्षं? तू?"

"मी नुसती दलाल. मालक वर हाय. मला त्यानं आजवर चार दिलीत, पुढचं मला पण ठाऊक नाय. खोटं कशाला सांगू? घास गिळताना रडशील. पहिले सहा महिने शिव्या पण लिहून द्याव्या लागतील."

"वही हाय माझ्याकडं," बिरू म्हणाला. "भरली."

सखाराम हसला. "तुला कुणी धाडलं गं माझ्या वाटंवर?"

बानाबाईचं बोट गळ्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. "चार वर्षं मी मालकाला इचारते, माझा गळा कशाला नेलास. चांगल्या गळ्याची बाई आडवी आली असती, तर थांबला असतास?"

"जोड्यापाशी उभी केली नसती."

"मंग?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सखारामनं हातातली पिशवी तिच्या पायाशी ठेवली. "इसार," तो म्हणाला. "सौदा पक्का." आणि जीपवाल्याला रुमाल हलवून जायला सांगितलं.

बानाबाईला आभाळभर गावंसं वाटलं. तिनं बोट दाबलं आणि भर फाटकात खडबडीत आवाजात गीत उचललं. बिरू सांगतो, त्या दिवशी गच्चीवरची कबुतरं उडाली नाहीत. होती ती बसून राहिली, आणि शेजारच्या इमारतीवरची आणखी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखारामला स्ट्रेचरवरून नेलं. बानाबाई दारापाशी उभी होती. जाता जाता त्यानं चादरीखालून हात काढला, तिचा हात धरला आणि पंजा चारदा दाबला. मग हळूच वर एक बोट.

"एकवीस?" बानाबाई वर बघून म्हणाली. "बघितलंस का रे मालका? पक्का सौदा झाल्यावर वाढवून मागतोय!"