बर्फातला तुकडा

बाबांच्या पोटातली गाठ काढता आली नाही. पालघरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बोराएवढा तुकडा घेतला आणि परत शिवलं. त्या दवाखान्यात तपासणीची सोय नव्हती. तुकडा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देण्याची पद्धत होती, तसा आयच्या हातात दिला. मी तेव्हा बोईसरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या पाळीवर होते. फोनवर तिला म्हणाले, "बाटली घरी घेऊन जा. सकाळी मी मुरब्याला येते आणि मुंबईला नेते. पण तुकडा नासता कामा नये. सगळं त्याच्यावरच आहे."

"नाय नासणार," आय म्हणाली. "जलम गेला माझा मच्छी विकण्यात."

सगळं म्हणजे काय, हे तिला मी सांगितलं नव्हतं. एका पेशीच्या दोन होण्याआधी डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी त्याचा दुहेरी धागा उसवावा लागतो. उसवणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाच्या जनुकावर मी एम.एस्सी.नंतर दोन वर्षं काम केलं. आम्ही त्याला नुसतं 'सात नंबर' म्हणायचो. कर्करोगाच्या पेशी घाईघाईने नक्कल करतात, काम जागोजागी अडकतं, आणि मग त्या या प्रथिनाच्या राखीव साठ्यावर तगून राहतात. मी ते जनुक दाबलं तेव्हा निरोगी पेशी थोड्या मंदावल्या. कर्करोगाच्या पेशी चौथ्या दिवशी बशीचा तळ सोडून तरंगू लागल्या. मेल्या होत्या. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले होते.

माझ्या तेव्हाच्या मार्गदर्शक हिना मॅडम आता याच साठ्यावर मारा करणाऱ्या एका नव्या औषधाच्या चाचणीत होत्या. रुग्णाच्या गाठीतल्या अखंड पेशींत, सूक्ष्मदर्शकाखाली, सात नंबर वाढलेला दिसला, तरच प्रवेश. केमो बाबांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे उरलं होतं ते एवढंच.

सकाळी मी घरात शिरले तेव्हा आय थर्माकोलच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. झाकण तिनेच उघडलं. आत फोडलेला बर्फ, त्यावर खडे मीठ आणि मधोमध गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी.

"बाटली कुठंय?"

"ती फेकली. त्यात ते औषध व्हतं गे, शिळ्या मच्छीला मारतात ते. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर शिकलेला माणूस, पण बघ! मी तीन पाण्यांनी धुतला आणि मिठाच्या बर्फात ठेवला. नुसता बर्फ पुरत नाय."

बाटलीत फॉर्मेलिन होतं. ते पेशी आहेत त्या जागी, आहेत तशा धरून ठेवतं. कॉलेजात असताना मीच एका लहान कुपीतून ते घरी आणून तिला हुंगायला दिलं होतं. 'हा वास आला तर ती मच्छी घ्यायची नाही,' असं बजावलं होतं. पुढे एका व्यापाऱ्याची अख्खी टोपली तिने त्याच्याच पायांवर ओतली, तेव्हा मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले होते.

पिशवी हातात घेतली. तुकडा सुपारीसारखा कडक झाला होता. मिठाच्या बर्फात मांस सावकाश गोठतं. पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक वाढतात आणि त्यांना फाडतात.

"बरोबर केलं ना, बाय?"

"मी निघते," मी म्हणाले.

तीन दिवसांनी हिना मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पेशींची केंद्रकं फुटली होती. रंग पसरून सगळीकडे सारखा झाला होता. सात नंबर वाढलेला होता की नव्हता, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

"दुसरा तुकडा मिळेल?" त्यांनी विचारलं.

"पोट पुन्हा उघडणार नाहीत."

त्यांनी दिवा बंद केला.

पालघरला परतले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. चार दिवसांत गळ्याची हाडं वर आली होती.

"काय गे कीर्ती, पास का नापास?" ते म्हणाले आणि आयकडे बोट केलं. "काशीने मला बर्फात घातला व्हता म्हणे. भाव काय आला?"

"तुमाला कोण घेल?" आय म्हणाली. "जून बोय मच्छी!"

बाबा हसायला गेले आणि टाक्यांवर हात धरून थांबले. मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

"तुमच्या गाठीत ते जनुक वाढलेलं नाही, बाबा. ते औषध तुम्हाला लागू पडणार नाही."

न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून मी आजवर कुठल्याही प्रयोगवहीत लिहिली नव्हती.

बाबांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. आय हळूच म्हणाली, "पण तुकडा चांगला राहला व्हता ना?"

"चांगला होता."

तिने पदराने तोंड पुसलं. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळून सांगू लागली, "पोरीने फोनवर सांगितलं व्हतं, नासाला नको. मी बर्फ सोताच्या हाताने फोडला. नाय नासला."