कळशी ठेवून जाणं

पद्माबाईंच्या सहलीत कधी काही घडत नसे, आणि जवळा बाजारच्या बायका हेच मोठ्या तोऱ्यात सांगत. दुसऱ्या कुणाची सहल निघाली की कुणी पाण्यात घसरे, कुणी वाट चुके, कुणाला मोहोळाच्या माशा लागत. मग वर्षभर त्याच गोष्टी. पद्माबाईंच्या बायका सकाळी जात, टेकडीवर भाकरी खात, गाणी म्हणत आणि अंधार पडायच्या आत घरी चुलीपुढे असत.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर पद्माबाईंनी ही सहल सुरू केली होती. यंदा पावसाळा सरता सरता त्या वारल्या. नांदेडला कॉलेजात शिकवणारी त्यांची मुलगी पल्लवी आईच्या जलदानाचा विधी उरकून परत गेली आणि पुस्तकांत डोकं घालून बसली. मग माघात एक दिवस सहलीतल्या जुन्या मालनबाईंचा फोन आला.

"यंदा जायचं का न्हाई, ते तू सांग. तुझ्याबिगर आमी निघत न्हाई."

"जायचं," पल्लवी म्हणाली.

आईची रीत तिला पाठ होती. आधी एकदा जाऊन वाट नजरेखालून घालून यायची, मोहोळं कुठे आहेत ते पाहायचं, पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्यायचं. आणि कळशी. सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या अंगाला टेकड्यांच्या पायथ्याशी एक वाडी आहे, टेम्पो तिथवरच जातो. वाडीतलं शेवटचं घर नर्मदाबाईंचं. पद्माबाई त्यांच्याकडे एक रिकामी पितळी कळशी ठेवत. परतताना न्यायची. दिवे लागले तरी कळशी तशीच असली, तर नर्मदाबाईंच्या घरच्यांनी शोधायला निघायचं. मोबाईल आल्यावर पल्लवीनं आईला यावरून चिडवलं होतं. "टेकडीमागं रेंज जाती," आई म्हणाली होती, "कळशी कुठं जात न्हाई."

त्या सकाळी पल्लवीनं कळशी पुढे केली, तेव्हा नर्मदाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. पद्माबाई काहून आल्या न्हाईत, असं काही विचारलं नाही. बातमी वाडीत पोचली होती. अंगणात त्यांचा मुलगा सोमेश्वर हळद शिजवायच्या मोठ्या कढईखाली जाळ लावत होता. नर्मदाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, काही बोलतील असं वाटलं, पण म्हणाल्या एवढंच, "जा. सांभाळून."

दिवस चांगला गेला. टेकडी उतरताना मात्र मालनबाईंचा गुडघा धरला. पलीकडच्या बाजूला, धरणाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मासळीचा रिकामा टेम्पो उभा होता. सगळ्यांना औंढ्याच्या रस्त्याला सोडतो, तिथून गावची गाडी मिळेल, असं ड्रायव्हर आपणहून म्हणाला. बायकांचे चेहरे खुलले. उलट वाडीला जायचं म्हणजे पाण्याकाठानं सगळा वळसा.

"चला ना पल्लवीताई," शिला म्हणाली. ती सगळ्यांत तरुण, आणि चपला हातात घेऊन उभी. "कळशी काय, उद्या कुणीबी आणून दील."

"कळशी राहिली तर ते आपल्याला शोधत निघतील. अंधारात, पाण्याकाठानं."

"फोन लावा की."

पल्लवीनं फोन दाखवला. रेंज नव्हती.

मालनबाईंचा एक पाय तोवर टेम्पोत होता. पल्लवीनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही बसा. आम्ही चालत जातो."

"मला एकटीला मासळीच्या टोपल्यासारखं धाडून राहिली व्हय?" मालनबाई टेम्पोचा दांडा धरून खाली उतरल्या. "माझ्या गुडघ्यापायी त्या पोरानं रातचं धरण धुंडाळायचं? पद्मा असती तर मला टेम्पोत बघून महिनाभर बोलली नसती. शिले, पायात घाल ते. मी म्होरं चालते. माझ्याच चालीनं या, म्हंजी मागं कुणी राहणार न्हाई."

"तुमच्या चालीनं होळीलाच पोचू," शिला पुटपुटली.

"मग पुरणाची डाळ भिजू घालूनच निघायचं होतं."

हसत हसत सगळ्या निघाल्या. गुडघ्याला पदराची चिंधी बांधलेली, साठी उलटलेली बाई पुढे, आणि तिच्या मागे धडधाकट बायका एकीमागे एक, कुणीही तिला ओलांडून न जाता. हे आईनं घडवलेलं होतं. पल्लवी सगळ्यांच्या मागे चालत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी तिची मान ताठ झाली.

पण उशीर झाला तो झालाच. वाडी अजून दिसत नव्हती, तोच समोरून बॅटरीचे दोन उजेड आले. सोमेश्वर आणि शेजारचे तातेराव.

"समद्या हायेत का?" सोमेश्वरनं विचारलं.

"सगळ्या आहोत. गुडघा दुखावला म्हणून वेळ झाला. दादा, तुमची हळद?"

"कढईत हाय. माय बसलीय."

कुणी काही न सांगता मालनबाईंसकट सगळ्यांची चाल वाढली. हळद जास्त शिजली की गिळगिळीत होते, मग वसमतच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही, हे त्या बायकांना सांगावं लागत नव्हतं.

अंगणात नर्मदाबाई एकट्याच धुरात उभ्या होत्या. एका हातानं काडी टोचून हळद बघत होत्या, दुसऱ्या हातानं जळती लाकडं ओढत होत्या. मालनबाई सरळ जाळापाशी बसल्या आणि लाकडं त्यांनी आपल्याकडे घेतली. बाकीच्यांनी पदर खोचले, सोमेश्वर झाऱ्यानं हळद उपसू लागला, बायका घमेली भरून ती खळ्यावर पसरू लागल्या.

"थोडी पुढं गेलीय," नर्मदाबाई काडी पाहत म्हणाल्या. "पण वाया न्हाई गेली."

पल्लवी त्यांच्यापाशी गेली. "मावशी, आमच्यामुळे झालं."

"तुजी माय आदी यायची इचारायला. कोणत्या दिशी घरी माणूस मोकळा राहील, म्हणून. आमी सांगू तो दिवस धरायची. त्या दिशी सोमेश्वर रानात जायचा न्हाई."

पल्लवीला हे ठाऊक नव्हतं. आई सहलीआधी एकदा वाडीला जाते ती टेकडीची वाट कशी आहे ते बघायला, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

"मग सकाळी का नाही बोललात?"

"कळशी घेऊन दारात उभी राहिलीस," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुला काय न्हाई म्हणू?"

पल्लवीनं खळ्यावर पसरलेल्या हळदीकडे पाहिलं. अनोळखी वाटावी इतकी मोठी झाली होती तिची आई, आणि तरी ती तिचीच होती.

"पुढच्या वर्षी कोणता दिवस बरा, मावशी?"

"हळद काढायच्या आदीचा. पण आता कसं सांगू? संक्रात झाली की ये इचारायला."

"फोन केला तर?"

"फोन नको. ये."

"नांदेडहून दोन चकरा पडतील गं तुला," जाळापासून मालनबाई म्हणाल्या.

"पडू देत," पल्लवी म्हणाली, आणि शिला एकटीच ओढत होती त्या घमेल्याची दुसरी कड तिनं धरली.