घड्याळजींची मिशी आणि नवा प्रोसेसर

घड्याळजींचा कॉम्प्युटर इतका निवांत होता की सकाळी बटण दाबून माणसाने आंघोळ उरकावी, चहा घ्यावा, वर शेजारच्यांशी एक भांडण मिटवून यावं, तरी पडद्यावर तो नुकताच जांभई देत असायचा. घड्याळजींची तक्रार नव्हती. तेवढ्या वेळात ते आरशापुढे बसून मिशी करायचे. तेल, कंगवा, पीळ असं सगळं यथासांग झालं की मिशीची टोकं दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखी वर उभी राहायची. घाईतल्या एका गिऱ्हाइकाने तिच्यावरूनच आपलं घड्याळ लावून घेतलं होतं म्हणे.

पण जुन्या घड्याळांच्या पुसट झालेल्या तबकड्या ते याच कॉम्प्युटरवर नव्याने आखून छापायचे, आणि अलीकडे तबकडीवर एकचा आकडा उमटला की बाराचा उमटेपर्यंत गिऱ्हाइकाचा विचार बदलायचा.

"भंगारात घाला आणि नवा कोरा घ्या," साडू म्हणाले. मेहुणीचा हा नवरा पडदे विकायचा आणि सल्ले फुकट वाटायचा.

"एक चाक झिजलं म्हणून कुणी अख्खं घड्याळ टाकतं का?" घड्याळजी म्हणाले. "बोर्ड ठणठणीत आहे, मेमरी धडधाकट आहे. नुसता प्रोसेसर बदलतो. धावेल घोड्यासारखा."

"नाही धावला तर?"

"मिशी उतरवीन. आणि धावला तर वर्षभर तुम्ही या घरात एक सल्ला द्यायचा नाही."

"ठरलं. रविवारी चहाला येतो. वस्तरा मी आणतो, तुम्हाला खर्च नको."

घड्याळजींची बायको हे ऐकत होती. वर्षभर सल्ला नाही म्हटल्यावर तिनेही मनोमन देव पाण्यात ठेवले.

शनिवारी घड्याळजींनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. वरचा पंखा काढला, जुना प्रोसेसर अलगद उचलला. आता या धंद्याची एक रीत असते: काढलेला भाग पुडीत बांधून लगेच मालकाच्या हाती द्यायचा, म्हणजे पुढे कटकट नको. या घरात मालक कोण, याविषयी घड्याळजींना कधीच शंका नव्हती. त्यांनी पुडी बायकोला दिली, नवा प्रोसेसर बसवला, त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, पंखा आवळला आणि बटण दाबलं.

पंखा भिरभिरला. पडदा काळाठिक्कर.

मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत लावल्या. डोळ्याला भिंग लावून बोर्ड पाहिला. सवयीने खोक्याला कान लावून टिकटिकही ऐकून पाहिली. रविवार उजाडला तरी पडदा काळाच. शेवटी त्यांनी प्रोसेसर विकणाऱ्या दुकानदारीणबाईंना फोन लावला.

"तुम्हीच म्हणालात, या बोर्डावर बसतो."

"बसतो हो. पण बोर्ड जुना, त्याने या नव्याला कधी पाहिलेलं नाही. आधी बोर्डातलं बायोस, त्याचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचं, म्हणजे ओळख पटते. आणि तुमच्या बोर्डावर ते जुना प्रोसेसर लावूनच करता येतं. जपून ठेवलाय ना?"

घड्याळजींनी फोन ठेवून बायकोकडे पाहिलं. "अगं, कालची ती पुडी?"

"मला काय माहीत लागेल म्हणून. कामाला लावली."

"कुठे?"

तिने खाली बोट दाखवलं. कॉम्प्युटरचं टेबल वर्षानुवर्षं डुगडुगायचं. काल दुपारपासून ते गप्प उभं होतं, आणि एका पायाखालून पुडीचा कोपरा डोकावत होता. बिचारा प्रोसेसर इतकी वर्षं कॉम्प्युटरचा भार आतून वाहायचा, आता खालून वाहत होता.

तेवढ्यात साडू वस्तरा, ब्रश आणि साबण घेऊन दारात उभे राहिले.

"या, साडूबुवा. जरा हा कोपरा उचलून धरा."

साडूंनी खुशीत टेबल उचललं. आपण कशाला हातभार लावतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुडीतून प्रोसेसर निघाला, साधा ओरखडाही नाही. घड्याळजींनी तो पुन्हा बोर्डावर चढवला आणि दुकानदारीणबाईंनी फोनवर सांगितलं तसं अपडेट सुरू केलं. मधेच वीज गेली तर बोर्डासकट मिशी जाणार होती. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती, बायको दिव्याकडे डोळे लावून बसली होती आणि साडू वाटीत फेस घोटत होते. पट्टी टोकाला पोचेतो फेस वाळून कडक झाला.

मग पुन्हा अदलाबदल. घड्याळजींनी बटण दाबलं, सवयीने आरशाकडे वळले, तेलाच्या बाटलीचं बूच काढलं, तोवर कॉम्प्युटर चालू होऊन तबकडी बारा आकड्यांसकट हजर.

साडूंनी वस्तरा मिटला. ते काहीतरी बोलणार होते, पण तो सल्ला निघाला असता, म्हणून गिळला. जुना प्रोसेसर परत टेबलाखाली कामावर रुजू झाला.

झालं एवढंच, की मिशी करायला आता वेळच उरला नाही. बटण दाबून आरशापर्यंत जावं तर मागे काम तयार, गिऱ्हाईक तयार. दहा-दहाची मिशी हळूहळू सव्वानऊवर आली, मग आठ-वीसवर लोंबून चहात बुडू लागली. एका सकाळी घड्याळजींनीच वैतागून ती उतरवली.

त्यानंतरच्या रविवारी साडू चहाला आले. त्यांनी त्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं. तोंड उघडलं. बायकोने कपावरून नुसती नजर वर केली. साडूंचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, आणि त्यांनी घाईघाईने पाणी मागितलं.

वर्ष संपायला अजून बराच अवकाश होता.