तीन वर्षांचा भाडेकरू

माझ्या बायकोच्या कबरीवरच्या दगडावर दोन नावं आहेत. डावीकडे लुवेना टॅकेट, जन्म आणि मृत्यू. उजवीकडे एल्झी टॅकेट, जन्म, आणि पुढे कोरी जागा. एल्झी म्हणजे मी. आमच्या केंटकीच्या डोंगरात जोडीचा दगड एकदमच घडवून घेतात. मागे राहिलेल्याला आपली जागा ठाऊक असते.

मे महिन्यात एका रविवारी सगळे टॅकेट फुलं घेऊन दफनभूमीच्या टेकडीवर चढतात आणि तिथेच जेवतात. त्या वर्षी मी धापा टाकत वर पोचलो, तर दगडाच्या उजव्या बाजूवर चंदेरी चिकटपट्टी. नीट, आडवी, दाबून बसवलेली. माझं नाव तेवढं झाकलेलं.

"हे कुणी केलं?"

"मी," डेल्फी म्हणाली. झाडाखालच्या लांब टेबलावर ती तळलेली कोंबडी मांडत होती. हातातलं काम तिने थांबवलंसुद्धा नाही.

डेल्फी माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची नात. केस कापायचं दुकान विकल्यापासून तिला जुन्या शिरगणत्या चाळायचा नाद लागला होता. कोण कुठे राहत होतं, कुणाची किती पोरं, कोण निरक्षर, सगळं ती टॅबलेटवर काढून दाखवायची. सुरुवातीला आम्हाला मजा वाटली. मग कुणाचं पहिलं पोर लग्नाच्या आधीचं, हे ती भर पंगतीत सांगायला लागली. त्यात दफनभूमीच्या समितीची ती प्रमुख. नियम जुना आहे: इथे रक्ताचे टॅकेट आणि त्यांचे नवरे-बायका. बाकी कुणी नाही.

"एकोणीसशे चाळीसची शिरगणती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "एलिहू टॅकेट, कुटुंबप्रमुख. झेला, मुलगी, अविवाहित. एल्झी, वय तीन, भाडेकरू. नातू नव्हे हं. भाडेकरू!"

टेबलावर हशा पिकला.

"भाडं काय द्यायचास रे एल्झी?" ऑरविल ओरडला. टेकडीवरचं गवत कापतो तो. "गोट्या?"

"हसण्यावारी नेऊ नका. रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीतून कुणाचं तरी पोर झेलाने उचलून आणलं. टॅकेट आडनाव लावलं म्हणून कुणी टॅकेट होत नाही."

"आणि लुवेना?" मी विचारलं.

"तिला कोण उकरतंय? राहू दे तिला. तू खालच्या गावच्या दफनभूमीत जा. तिथे कुणालाही घेतात."

मी वाचायला शिकलो ते कोळशाची खाण बंद पडल्यावर, पन्नाशी उलटल्यावर. लिहिलेल्या शब्दाचा मला अजून धाक आहे. एलिहू आजोबांच्या मांडीवर बसून मी मक्याची भाकरी खाल्ली, आणि तरी त्या घटकेला वाटलं, लिहिलंय म्हणजे असेलही. आजोबा गेले, आई गेली. विचारायचं कुणाला? लुवेनाशेजारी मी नसणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

लुवेनाच्या धाकट्या बहिणीने, व्हर्नाने, घेवड्याचं पातेलं धाडकन टेबलावर ठेवलं.

"डेल्फे, मोजणीवाल्याला हे सांगितलं कुणी?"

"घरातल्यांनीच, आणखी कुणी? तो दारात जायचा, विचारायचा, लिहायचा. आणि त्या वर्षी तर उत्तरं देणाऱ्याच्या नावापुढे गोलात फुली मारायचे. हे मी वाचनालयात लोकांना शिकवते, मला नको शिकवूस."

"मग दाखव फुली."

डेल्फीने टॅबलेट उघडला. एलिहूपुढे फुली नव्हती. माझ्या आईपुढे, झेलापुढे, नव्हती. माझ्यापुढे तर नव्हतीच.

"पुसट झाली असेल."

"वरच्या घराला दिसतेय की ठसठशीत," व्हर्ना म्हणाली. "घरात कुणी नसलं तर काय करायचे?"

"शेजाऱ्याला विचारायचे. आणि त्या शेजाऱ्याचं नाव समासात..."

डेल्फी पानातून आपल्याला हव्या तेवढ्या ओळी कापून ठेवायची. समास त्यात येत नसे. आता मात्र सगळे तिच्या खांद्यावरून वाकले होते. तिने पूर्ण पान उघडलं. डाव्या कडेला तिरक्या अक्षरांत काहीतरी होतं. ती टॅबलेट मिटणार, तेवढ्यात व्हर्नाने तो ओढून माझ्यासमोर धरला.

"भाऊजी, वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. सावकाश, कारण मला तसंच येतं.

"मिसेस आयसी टॅकेट."

आयसी म्हणजे डेल्फीची सख्खी आजी. तिची डुकरं मक्यात शिरली म्हणून माझ्या आजोबांनी ती कोंडून घातली, आणि तेव्हापासून आयसी आमच्या उंबऱ्याच्या दिशेने थुंकल्याशिवाय पुढे जात नसे. माझी आई लग्नाशिवाय बाळंत झाली, तेव्हा आयसीनेच ते गावभर केलं. हे मला ठाऊक कसं? मागच्याच वर्षी, याच टेबलावर, डेल्फीने हसत हसत सांगितलं होतं.

"माझी आजी खोटारडी नव्हती," डेल्फी म्हणाली.

"छे गं," व्हर्ना म्हणाली. "तीन वर्षांची पोरं घेतातच की खोल्या भाड्याने."

आता हशा पिकला तो डेल्फीवर. ऑरविलने काट्याने दगडाकडे खूण केली. "पट्टी काढ डेल्फी. जेवण गार होतंय."

"समिती मी आहे."

"मीही आहे. आणि तुझ्या आजीच्या कबरीवरचं गवत मीच कापतो."

डेल्फी जागची हलली नाही. मग मीच बोललो. "तू लावलीस, तूच काढ. नाहीतर राहू दे. येणारे-जाणारे विचारतील, मग आयसीचं नावही त्या पट्टीवर लिहीन. मला आता लिहिता येतं."

ती तरातरा गेली आणि गुडघे टेकून नखांनी पट्टी ओरबाडू लागली. पट्टी निघाली, पण माझ्या नावावर गोंदाचे काळपट चट्टे राहिले. ती उठून खाली गाडीकडे गेली. मला वाटलं, गेली एकदाची. पण परत आली आणि रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं तिने माझ्या पायाशी फेकलं.

"गोंद याने निघेल. मी माफी मागितलेली नाही, कळलं?"

"मीही माफ केलेलं नाही."

मी वाकून नाव पुसायला लागलो. ती वरून बघत होती.

"माझी जागा तुझ्या अगदी शेजारी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो. "आधी तू हो पुढे."