मैत्रिणीसाठी सल्ला

बारकीने घरातून पळून जायचं ठरवलं, आणि वकिलाची मुलगी असल्यामुळे पळण्याआधी ती कायदेशीर सल्ला घ्यायला गेली. शहरात वकील पुष्कळ होते. ती गेली वडिलांकडेच.

ऐकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, पण तिचा विचार पक्का होता. घरी बाबांसमोर तिचं एकही वाक्य आजवर क्रियापदापर्यंत पोचलेलं नव्हतं. "बाबा, मला मावशीकडे..." एवढं झालं की "ते नंतर, आधी अभ्यास" असा निकाल लागायचा, आणि अपिलाची सोय नव्हती. ऑफिसात मात्र हाच माणूस वेगळा असायचा. तिथे पक्षकार बोलायला लागला की बाबा पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवत, हाताची घडी घालत आणि समोरच्याचं संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नसत. एकदा एका ज्युनियरने मध्येच तोंड घातलं, तर त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "पक्षकार बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. अर्धी केस तिथेच हातची जाते." बारकी तेव्हा लहान होती, बाकावर पाय हलवत बसली होती. एकदा तरी आपण या माणसाचे पक्षकार व्हावं, असं तिच्या मनात तेव्हापासून होतं.

आता ती नावापुरतीच बारकी उरली होती. सोळा वर्षांची, आईपेक्षा उंच. सोमवारपासून तिला वकिलीच्या प्रवेशपरीक्षेच्या निवासी क्लासला धाडायचं, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ऑफिसात त्यांच्या खुर्चीशेजारी तिच्यासाठी नवी खुर्चीसुद्धा येऊन बसली होती, अजून प्लास्टिक न काढलेली. बारकीचा जीव अडकला होता तो मावशीच्या दुकानात. मावशी दुसऱ्या गावी शिलाई मशिनं दुरुस्त करायची. सुट्टीत तिथे बारकीने टाके सोडणारं एक जुनं मशीन उघडलं, खालच्या दोऱ्याचं शटल काढून साफ केलं, वाकडी सुई बदलली, तेल दिलं. कापडावर सरळ, घट्ट टीप पडली तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती रात्रभर त्याच मशीनबद्दल बोलत राहिली. मावशी म्हणाली, "घरी विचारून ये, मग राहा खुशाल. शाळा इथेही आहेत." त्यातलं 'घरी विचारून' तेवढं बारकीने गिळलं होतं. रविवारी सकाळच्या बसने गुपचूप सटकायचं, असा तिचा बेत होता.

तर शुक्रवारी संध्याकाळी ती पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसली. कारकूनकाका म्हणाले, "अगं, तू थेट आत जा की."

"नको काका. माझं काम आहे."

काकांनी भुवया उंचावल्या आणि तिच्या आधी आलेल्या म्हातारबुवांना आत सोडलं.

तिची पाळी आली. बाबा दचकले. "तू? घरी काय झालं?"

"काही नाही. सल्ला हवाय. माझी एक मैत्रीण आहे..."

आता या खोलीत येणारा दर दुसरा माणूस "माझा एक मित्र आहे" अशीच सुरुवात करायचा, आणि तो मित्र कोण हे बाबा तिथल्या तिथे ओळखायचे. ज्युनियरांना ते मिशीत हसत सांगत, "मित्राला शोधायला लांब जाऊ नका, तो समोरच्या खुर्चीतच बसलेला असतो." पण आज समोर पोटची पोर होती, आणि ती आपण होऊन कायद्याचं विचारत होती! बाबांना असं भरून आलं की एवढ्या वर्षांची हुशारी त्यात वाहून गेली. पेनाला टोपण लागलं. हाताची घडी पडली.

बारकी बोलली. मैत्रिणीचे वडील, मैत्रिणीचा क्लास, मैत्रिणीची मावशी. मशिनांच्या जागी तिने चित्रकला घातली, तेवढीच खबरदारी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग टोपण काढलं.

"तुझ्या मैत्रिणीला काही होणार नाही. या वयाची मुलगी घर सोडून गेली तर तो तिचा गुन्हा होत नाही. वडील तक्रार देतील, पोलीस शोधतील, बालकल्याण समितीपुढे नेतील. बहुतेक वेळा पोर घरी परत येते."

बारकीला हायसं वाटलं.

"मरण आहे ते मावशीचं," बाबा रंगात येऊन म्हणाले. "अल्पवयीन मुलीला पालकांच्या परवानगीशिवाय ठेवून घेतलं! वडिलांनी मनावर घेतलं तर पळवून नेल्याचा गुन्हा. अटक, कोर्टाच्या खेपा, दुकानाला कुलूप."

"पण तिला माहीतच नसेल तर?"

"ते कोर्टात सिद्ध करत बसायचं. तोवर बाईची अब्रू गेली ना."

तेलाने काळी झालेली मावशीची बोटं बारकीच्या डोळ्यांपुढे आली, आणि आपण तिला कशात ढकलणार होतो ते कळून तिला स्वतःचीच लाज वाटली. सगळा बेत तिथेच बारगळला. तरी उठता उठता तिने विचारलं, "त्या समितीपुढे काय होतं?"

"मुलीला विचारतात, बाळ, तुला काय हवंय? आणि तिचं सगळं ऐकून घेतात. घ्यावंच लागतं."

"म्हणजे ऐकून घ्यायला हवं असेल तर आधी पळावं लागतं?"

"वा!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात उलटतपास! काका, ऐकलंत?" दाराशी उभे असलेले कारकूनकाका नको तितकं खोकले. बाबांचं लक्ष नव्हतं. ते पुढे झुकले. "हे बघ, पळायची गरजच काय? आई पालक नाही का? आईने राजीखुशीने पाठवलं की मावशी सुटली. मग ते पळून जाणं कसलं, मावशीकडे राहायला जाणं झालं. वडील बसतील चडफडत. सांग तुझ्या मैत्रिणीला."

त्या रात्री जेवताना बाबा आईला पुन्हापुन्हा सांगत होते, "काय डोकं आहे पोरीचं! मी उगाच म्हणत नव्हतो." बारकीकडे इतक्या कौतुकाने त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. खोट्या केसवर मिळालेलं ते कौतुक तिला हवंहवंसं वाटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

शनिवारी बाबा कोर्टाच्या कामाला गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. पळायच्या बेतासकट. आईने हातातलं धुणं खाली ठेवलं.

"माझी परवानगी चालते?" तिने पहिलं काय विचारलं असेल तर हे. "त्यांच्याशिवाय?"

"बाबाच म्हणाले."

"इतकी वर्षं या घरात पडद्याचा रंगसुद्धा मी ठरवला नाही," आई म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसून तिने बहिणीला फोन लावला.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात बारकीची पिशवी उघड्यावर, ऐटीत उभी होती. बाबा पेपर घेऊन आले आणि थबकले.

"हे काय?"

"ती माझ्या बहिणीकडे राहायला जातेय," आई म्हणाली. "मी पाठवतेय. राजीखुशीने."

बाबांनी तोंड उघडलं. कायद्याचे सगळे मुद्दे ओठांवर आले असणार, पण एकेक आठवून पाहावा तर तो त्यांनीच शुक्रवारी विरुद्ध पक्षाला देऊन टाकलेला. त्यांनी बारकीकडे पाहिलं.

"ती मैत्रीण..."

"समोरच्या खुर्चीत होती, बाबा."

ते सोफ्यावर बसले. रागावले असते तर बारकीला सोपं गेलं असतं. पण त्यांचा चेहरा इतका पडला की तिलाच भरून आलं. त्यांना शुक्रवारचा तो आनंद आठवत होता, हे तिला स्पष्ट दिसलं.

मग बाबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण लावलेलंच होतं. तरी त्यांनी ते काढून परत लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि हाताची घडी घातली.

"बोल," ते म्हणाले. "मैत्रिणीचं नको. तुझं."

बारकीने सुरुवात केली. आधी शब्द अडखळले, मग शटल आलं, सुई आली, ती सरळ टीप आली. क्लासची भीती आली, प्लास्टिकमधली खुर्ची आली. आईने घड्याळाकडे पाहिलं. "अगं, बस चुकेल."

बाबांनी हात वर केला. "पक्षकार बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

बस चुकली. बारकी दुपारच्या बसने गेली. स्टँडपर्यंत पिशवी बाबांनी उचलली, आणि वाटभर ते एक अक्षर बोलले नाहीत, कारण तिचं अजून संपलेलं नव्हतं.