खालचा कप्पा

आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, हाडाच्या करवती, कापडं, सगळं वरून मळून आमच्याकडे येतं. आम्ही ते धुतो, पुडक्यांत बांधतो, वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करतो आणि पुन्हा वर पाठवतो. रुग्णांना आम्ही कधी दिसत नाही आणि डॉक्टरांना आमची आठवण फक्त उशीर झाला की येते. माझी याबद्दल काही तक्रार नाही. एकवीस वर्षं या तळघरात गेली, ती तशी सुखातच गेली.

आमचे जुने प्रमुख म्हणजे मामा. सगळा विभाग त्यांना मामा म्हणायचा, पण त्यांची सख्खी भाची एकच होती. तिला आम्ही चिमणी म्हणतो. अंगाने एवढीशी आणि सतत इकडून तिकडे, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मामांनीच तिला इथे लावून घेतलं, हाताला धरून सगळं काम शिकवलं. मामा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी, त्यांना फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं. तीस वर्षांत एकही भट्टी नापास नाही, असं त्यावर लिहिलं होतं. मशीनमध्ये एका वेळी जेवढं सामान जातं त्याला आम्ही भट्टी म्हणतो. मामांनी ती फ्रेम घरी नेली नाही, विभागातच दारासमोर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. त्यांच्या जागी चिमणी प्रमुख झाली. मी तिच्याहून अकरा वर्षांनी जुना. पण मला विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, असं मी लोकांना सांगतो.

भट्टी पास की नापास हे ठरतं एका पट्टीवर. चाचणीच्या पाकिटात एक फिकट कागदी पट्टी असते. वाफ नीट पोचली तर ती काळी होते. हे पाकीट ठेवायचं कुठे, तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, जिथून मशीनमधली हवा बाहेर जाते त्या जाळीपाशी. वाफ तिथे सगळ्यात शेवटी पोचते. तिथे पोचली म्हणजे सगळीकडे पोचली. हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

आम्ही ते वरच्या कप्प्यात ठेवायचो.

खाली ठेवायचं तर गुडघ्यांवर बसावं लागतं, काढताना हात भाजतो. शिवाय खालचं पाकीट कधी कधी ओलं निघतं, मग भट्टी पुन्हा लावा, तासभर घालवा आणि वरून बोलणी खा. मामा म्हणायचे, "वाफ काय वर-खाली बघते का? पट्टी काळी झाल्याशी मतलब." आणि पट्टी नेहमी काळीच व्हायची. एकवीस वर्षांत मला एकदाही शंका आली नाही, किंवा आली असेल तर मी तिला बसू दिलं नाही.

चिमणी प्रमुख होऊन तीन महिने झाले होते. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या भट्टीत एक लांबरुंद पण हलका ट्रे वरच्या कप्प्यात ठेवावा लागला. पाकिटाला जागाच उरली नाही. चिमणी गुडघ्यांवर बसली आणि तिने ते खाली सरकवलं. यामागे काही विचार नव्हता, जागा नव्हती एवढंच.

पट्टी फिकट निघाली.

"पट्टी खराब असेल," मी म्हणालो.

तिने दोन पट्ट्या घेतल्या, एक वर ठेवली, एक खाली, आणि भट्टी पुन्हा लावली. आम्ही दोघं मशीनसमोर उभे राहिलो. वरची काळी झाली. खालची तशीच राहिली. मग तिने खालची जाळी उघडली. आतून कापडाच्या धाग्यांचा मुठीएवढा बोळा निघाला. तो काही एका दिवसात साठलेला नव्हता.

आमच्याकडे मशीनं दोन; दुसऱ्याची जाळी स्वच्छ होती, खालची पट्टीही काळी आली. म्हणजे घोटाळा पहिल्या मशीनचा. पण किती दिवसांचा? खाली कुणी बघितलंच नव्हतं. त्या मशीनमधून निघालेली दोनशेबारा पुडकी त्या घडीला हॉस्पिटलभर कपाटांत पडली होती. त्या दिवशी नऊ ऑपरेशनं होती. आठ सुरू व्हायची होती. एक साडेआठला सुरू झालं होतं. सत्तरीच्या एका बाईंना खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायचा होता आणि त्यांचा ट्रे आदल्या संध्याकाळी पहिल्या मशीनमधून गेला होता.

चिमणीने माझ्याकडे बघितलं. "दादा, काल संध्याकाळची भट्टी तुम्ही लावलीत. तो ट्रे कुठल्या कप्प्यात होता?"

हाडांच्या ऑपरेशनच्या अवजारांचे ट्रे जड असतात. ते खालीच जातात. मला लख्ख आठवत होतं. पण कप्पा वहीत लिहिला जात नाही, सही फक्त पट्टीपुढे करायची असते, आणि ती सही माझी होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"मग खाली होता असं धरायचं," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

मला सुटल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता. उलट लाज वाटली. खोटं बोलून माझा काही फायदा झाला नव्हता, आणि खरं बोलण्याची वेळ निघून गेली होती.

तिने पाच मिनिटांत आठही ऑपरेशनं थांबवायला सांगितली आणि पहिल्या मशीनचं एकूण एक पुडकं परत मागवलं. फोनवर तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. उपाशीपोटी तयार होऊन बसलेले आठ रुग्ण, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर, सगळ्यांनी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. एका डॉक्टरने विचारलं, "नक्की कशावरून?" ती म्हणाली, "नक्की नाही म्हणूनच." मग दुसऱ्या मशीनमधला हाडांचा ट्रे तिने स्वतः उचलला आणि मला म्हणाली, "चला."

हे फोनवर सांगता आलं असतं. मामांनी तर शंभर टक्के फोनच केला असता, आणि तोही दुपारी. ती टोपी, मास्क, गाऊन घालून ऑपरेशनच्या खोलीत गेली. मी काचेपाशी थांबलो. सर्जनने मान वर केली नाही. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण सर्जनचे हात थांबले ते दिसलं. मग त्याचा आवाज मात्र काचेबाहेर आला.

"आत्ता सांगताय?"

सामान बदललं गेलं, जखम पुन्हा पुन्हा धुतली गेली, औषधं वाढवली गेली, ऑपरेशन पार पडलं. बाहेर बाकावर त्या बाईंची मुलगी बसली होती. सर्जनने तिला सगळं सांगितलं. पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे, हाडात जंतू गेले तर बसवलेला सांधा काढावा लागतो, हेही सांगितलं. चिमणी शेजारी उभी होती. तिथे तिचं काही काम नव्हतं.

मुलगी तिच्याकडे वळली. "म्हणजे चूक तुमची?"

"हो. आमच्या विभागाची. मी प्रमुख आहे."

मुलगी जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिच्या जागी मी असतो तर त्याहून जास्त बोललो असतो.  मुलीचं संपल्यावर चिमणीने आपला नंबर एका कागदावर लिहून दिला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, आणि त्यांचं कामच ते आहे. "अहवाल साधा लिहा," ते म्हणाले. "मशीनची जाळी तुंबली, वेळेत लक्षात आलं, उपाय केला. कुणाचं नाव नको."

मी मनात म्हटलं, देव पावला.

"जाळ्या तुंबतातच, साहेब," चिमणी म्हणाली. "ते कळावं म्हणून तर पाकीट असतं. ते आम्ही वर ठेवत होतो."

"बरं, मग लिहा, विभागात पूर्वापार तशी पद्धत होती."

"पद्धत कुणीतरी पाडलेली असते."

तिने अहवाल त्यांच्यासमोरच लिहिला. पहिलं नाव स्वतःचं. दुसरं माझं. तिसरं मामांचं. तीस वर्षं भट्ट्या पास झाल्या त्या याच चाचणीवर, हेही एका ओळीत लिहिलं. ती ओळ वाचताना साहेब फ्रेमचा विचार करत असावेत, कारण ती त्यांच्या सहीची होती.

जिन्यात मी तिला गाठलं. माझं डोकं भडकलं होतं. "स्वतःचं नाव घातलंस, ठीक. माझं घातलंस, तेही गिळतो. पण मामा? ज्याने तुला बोट धरून इथे आणलं त्याला म्हातारपणी चव्हाट्यावर आणलंस. प्रमुखाने अंगावर घ्यायचं असतं, चिमणे. सगळं स्वतःवर घेतलं असतंस तर लोकांनी नाव काढलं असतं."

"दादा, मामांनी किती जणांना शिकवलं?"

 आजूबाजूच्या सात हॉस्पिटलांतली माणसं वर्षानुवर्षं आमच्याकडे शिकायला येत होती. मामा त्यांना हौसेने शिकवायचे.

"मी एकटीनेच केलं असं लिहिलं तर मला काढतील आणि फाइल बंद होईल," ती म्हणाली. "त्या सात ठिकाणी पाकीट वरच राहील. तिथे कुणाला कळवायचं ते मामांच्या नावाशिवाय ठरत नाही." मग ती म्हणाली, "मला काय, बरं वाटलं का हे लिहिताना?"

त्याच संध्याकाळी ती मामांच्या घरी गेली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळायला नको, म्हणून. घरात काय झालं ते मला मामींकडून कळलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी मेल्यावर लिहिलं असतंस तर चाललं नसतं?" ती नाही म्हणाली. मामा उठून आतल्या खोलीत गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

सातही ठिकाणी पत्रं गेली. पाच ठिकाणी पाकीट वर निघालं. त्यातल्या एका ठिकाणची जाळी आमच्याहून वाईट तुंबली होती. चौकशी झाली, चिमणीला आणि मला लेखी समज मिळाली. निवृत्त माणसाला काय करणार? फ्रेम मात्र एके दिवशी ऑफिसचा शिपाई येऊन काढून घेऊन गेला, आणि ते मामांच्या कानावर गेलंच.

खुब्याच्या बाईंना काही झालं नाही. चौथ्या दिवशी थोडा ताप आला तेव्हा चिमणी दोन वेळा वॉर्डात जाऊन आली आणि परत येऊन माझ्यावर विनाकारण खेकसली. ताप उतरला. सोळाव्या दिवशी बाई वॉकर धरून घरी गेल्या. लगेच हॉस्पिटलभर कुजबुज सुरू झाली की बघा, काही झालंही नसतं, उगाच आठ ऑपरेशनं बुडवली आणि सख्ख्या मामाचं नाक कापलं. मीही त्यातलं अर्धं बोललो असेन. ट्रे खालीच होता हे मी तिला एका दुपारी सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहीत आहे. तो ट्रे वर उचलणाऱ्यातले तुम्ही नाही." आणि कात्र्या मोजत राहिली.

सात महिन्यांनी मामा आमच्याच हॉस्पिटलमध्ये भरती झाले. हर्नियाचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी. घराजवळ त्यांना दुसरं हॉस्पिटल होतं, मामींनी तेच सुचवलंही होतं. मी कामावरून सुटल्यावर त्यांना भेटायला गेलो. ते पलंगावर बसले होते, एकदम लहान दिसत होते. हवापाण्याचं बोलणं झालं. मामी चहा आणायला गेल्या तसे ते पुढे झुकले.

"उद्याची भट्टी कोण लावणार?"

"मी आहे की, मामा. तुमचं सामान मी स्वतः—"

"तू नको," मामा म्हणाले.



"तिला लावू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "आणि तिला सांग, मी अजून बोलणार नाहीये तिच्याशी."